फुंकरमामांचा बारीक श्वास

मित्रांनो, मधोमध एक मोठं भोक आणि त्यातून मागेपुढे सरकणारा अरुंद पलंग, एवढाच माझा देह. मी एक जुना सीटी स्कॅनर आहे. लोक माझ्या आत येतात आणि मी त्यांच्या आत जातो.

लांबच्या एका कारखान्यात, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी माझ्या वायरी वेणी घालावी तशा गुंफल्या. मग मी या दवाखान्यात आलो. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी माझ्या भोकात डोकं घालून "हॅलो" म्हटलं आणि आतून कुणी उत्तर देतंय का, याची वाट बघितली. मी आपला गुणगुणत राहिलो. टाळ्या मात्र खूप पडल्या.

माणसाच्या आत काय असतं, सांगू? पाण्याखाली बुडालेलं एक गाव. सगळीकडे करडं धुकं. फुप्फुसं म्हणजे त्या गावावरचं आभाळ, यकृत म्हशीसारखं निवांत बसलेलं, आतड्यांच्या गल्ल्या वळणावळणाच्या. दोन मूत्रपिंडं असतात, आणि दोघांच्याही डोक्यावर एकेक इवलीशी टोपी. तीच अॅड्रिनल ग्रंथी. माणूस दचकला, घाबरला, की गावात आधी तिला जाग येते.

पुढे शेजारच्या खोलीत चकचकीत नवा स्कॅनर आला. झालं! सगळी नवलाई तिकडे गेली आणि माझ्या डोक्यावर सिस्टरचा स्वेटर, डबा, एकदा तर ओले मोजेसुद्धा आले. मला ठेवलं सुईच्या कामाला. मी वाट दाखवायची, डॉक्टरबाईंनी बारीक सुईनं आतला कणभर तुकडा काढायचा आणि तपासायला पाठवायचा. यालाच बायोप्सी म्हणतात.

एका सकाळी फुंकरमामा आले. भट्टीपुढे उभं राहून लांब नळीतून काच फुंकणं हा त्यांचा धंदा. हवा भरून भरून गालांच्या पिशव्या झालेल्या. मागे त्यांच्या आतड्यातला कॅन्सर कापून काढला होता. आता डाव्या बाजूच्या टोपीत एक गाठ दिसली होती. जुनंच दुखणं तिथे येऊन बसलंय की गाठ आपली साधीभोळी आहे, हे सुईशिवाय कळणार नव्हतं.

बाईंनी आधीच रक्त-लघवी तपासून घेतली होती. ही ग्रंथी कधीकधी तिरसट निघते. सुई लागली की असा काही रस सोडते की ब्लडप्रेशर थेट छपराला! मामांची तशी नव्हती. रक्त पातळ करणारी गोळी त्यांनी सांगितल्याप्रमाणे थांबवली होती आणि पोटही रिकामं होतं.

"घोटभर चहा चालला असता," मामा कुरकुरले.

"तुमचा घोट माहितीये मला. किटली उपडी होते," मामी म्हणाल्या आणि काचेपलीकडे जाऊन बसल्या.

मामांना पालथं झोपवलं. बाईंनी पाठीवर खूण केली आणि बधिर करायचं इंजेक्शन दिलं. "मुंगी चावल्यासारखं होईल, मग नुसता दाब जाणवेल. 'रोखा' म्हटलं की श्वास रोखायचा."

"श्वासाचं मला शिकवता, बाई?"

काचेपलीकडून मशीनवाल्या भाऊंनी माइकवर हुकूम सोडला, "रोखा!"

मित्रांनो, काय तो श्वास! फुप्फुसं तंबूसारखी ताणली, पोटातलं सगळं बिऱ्हाड खाली घसरलं आणि मूत्रपिंड टोपीसकट तळघरात गेलं. गाठ गायब! आणखी गंमत म्हणजे काचेमागे मामींनीही श्वास रोखला, सिस्टरनंही रोखला आणि मामांची ऐट बघता बघता भाऊंनीही. आता "सोडा" म्हणणार कोण? मामा मजेत. बाकीचे वांग्याच्या रंगाचे.

शेवटी मामीच फुटल्या, "अहो, सोडा की! मारता का सगळ्यांना?"

दुसऱ्या वेळी श्वास त्याहून मोठा. तिसऱ्या वेळी वेगळाच.

"मामा, दर वेळी सारखाच आणि छोटा हवा," बाई म्हणाल्या. "गाठ अशी हलत राहिली तर सुई भलतीकडे जाईल. वर फुप्फुस आहे, रक्ताच्या नळ्या आहेत. मग आज थांबावं लागेल."

माझ्या पलंगाची कड मामांनी घट्ट धरली. मला कळलं, टोपी जागी झाली आहे.

"खरं सांगू, बाई? भीती वाटली की छाती आपोआप भरते. ते पुन्हा आलं असेल तर?"

बाई स्टूल ओढून त्यांच्या तोंडाशी बसल्या. "तुम्ही सगळ्यात छोटं काय फुंकता?"

"अत्तराची कुपी. अशी, करंगळीएवढी. जरा जोर झाला की फुटते."

"मग आज कुप्याच करू या."

"रोखा," भाऊ हळूच म्हणाले.

मामांनी डोळे मिटले आणि कुपीपुरता श्वास घेतला. पाण्याखालचं गाव जागच्या जागी थांबलं. धुक्यातून सुई आली, चांदण्याची काडी यावी तशी. सोडा. पुन्हा एक कुपी. सुई जरा पुढे. पुन्हा एक. मग टक्‌! स्टेपलरसारखा आवाज, आणि तांदळाच्या दाण्याहून बारीक तुकडा बाहेर.

"झालं?" मामा म्हणाले. "एवढ्यासाठी उपाशी मारलंत?"

नंतर काही तास ते समोरच्या खोलीत पडून होते. सिस्टर ब्लडप्रेशर बघत होती, पाठ थोडी ठणकत होती. जाताना बाईंनी बजावलं, "चक्कर आली, ताप आला, दम लागला किंवा दुखणं वाढलं, तर लगेच यायचं. लाजायचं नाही."

रिपोर्ट यायला बरेच दिवस गेले. मग एका दुपारी बाईंनी दोघांना माझ्याच दारात गाठलं. "जुनं दुखणं नाही. साधी गाठ आहे. अधूनमधून तपासत राहू."

मामा हसायला लागले. मामी मात्र बाकावर बसल्या आणि ओक्साबोक्शी रडल्या. इतक्या दिवसांचं सगळं एकदम. मामा बावरून नुसते उभे. "अगं, चांगलंच सांगितलंय ना?"

"माहितीये मला! रडू द्या!"

सिस्टरनं पाणी आणलं. मामींना कुणी पाणी विचारलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मित्रांनो, माझ्या डोक्यावर हवं तर मोजे वाळत घाला, मी काही बोलणार नाही. पण तुमच्यापैकी कुणाचं माणूस माझ्या पलंगावर असेल, तर काचेपलीकडे बसलेल्याकडेही बघत जा. आतल्याला "आता सोडा" म्हणणारं कुणीतरी असतं. बाहेरच्याला ते तुम्हीच म्हणायचं असतं.