समुद्र पाहिलेले सर

औशाच्या शाळेत मृत्युंजय सर सव्वीस वर्षं भूगोल शिकवत होते, आणि सव्वीस वर्षं पोरांना एकच थाप मारत होते की, आपण समुद्र पाहिलाय. माणूस तसा खोटारडा नव्हता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पोरानं विचारलं, "सर, तुम्ही बघितलाव का समुद्र?" आणि सरांच्या तोंडून "हाव" निघून गेलं. मग काय, दरवर्षी थाप वाढतच गेली. आता तर सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभं राहिल्याचं असं रंगवून सांगायचे की पोरं त्यांच्या पायाकडं बघायची.

भरती-ओहोटीचा धडा म्हणजे सरांचा हुकमी पत्ता. चंद्र पाणी ओढतो, एवढं पुस्तकात. पुढचं सर पदरचं घालायचे. "आपल्या गल्लीत आठ दिवसांनी नळ येतो, तेव्हा कसं होतं? आधी पाइप खाकरतो, फुस्स करून हवा सोडतो, मग धबाधबा पाणी! बायका घागरी घेऊन पळतात. भरतीचंबी तसंच. आधी समुद्र खाकरतो, मग किनाऱ्यावरची माणसं सामानसुमान उचलून पळत सुटतात." पोरांना लगेच पटायचं. पाणी कसं येतं हे औशाच्या पोरांना कुणी वेगळं सांगायची गरजच नव्हती.

यंदा वरून परिपत्रक आलं. सागर आणि भूविज्ञानाच्या परीक्षेत तालुक्यात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला चार दिवस रत्नागिरीला नेणार, सोबत शाळेचा एक शिक्षक. सरांनी तिथवर वाचलं आणि कागद घडी करून खिशात घातला. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली होती. थाप खरी करून घ्यायला याहून चांगला मौका कुठून यायचा?

त्यांनी नववीतली जिक्रा हेरली. गादीवाल्या चांदपाशाची लेक, एकदा ऐकलं की विसरणार नाही अशी पोरगी. दीड महिना सरांनी तिला प्रवाळ, सागरी प्रवाह, भूकंप, खंडांची सरकासरकी, सगळ्यातून पिदडून काढलं. चांदपाशा म्हणाला, "सर, इतकं तर मी कापूसबी पिंजत न्हाई." जिक्रा पहिली आली. त्याच दिवशी सर लातूरला गेले आणि बायकोला न सांगता स्वतःसाठी हाफपँट घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक महादेवप्पांनी परिपत्रकाचं सातवं कलम वाचून दाखवलं. निवड झालेली विद्यार्थिनी असेल, तर सोबत शिक्षिकाच जाईल.

"म्हंजे?" सरांचा चेहरा उतरला.

"म्हंजे गौरम्मा बाई जातील. तुम्ही कागद पुरता वाचला न्हाई का?"

गौरम्मा बाई शिवण शिकवायच्या. गाडी स्टँडातून निघायच्या आत त्यांना लिंबू हुंगावं लागायचं. "बाई गं, मला कशाला तिकडं? पाणीच हाय ना तिथं?" त्या म्हणाल्या, तेव्हा सरांना त्यांचं शिलाई मशीन उचलून विहिरीत टाकावंसं वाटलं. पण जिक्रासमोर ते हसले. "जा बेटा. माझं काय, मी पाहिलाय." त्या दिवशी ते घरी जेवले नाहीत.

गुरुवारी नववीच्या तासाला सरांचा फोन वाजला. रत्नागिरीहून गौरम्मा बाईंचा व्हिडिओ कॉल, आणि त्यात जिक्रा! सगळा वर्ग बाकं सोडून टेबलाभोवती गोळा झाला.

"सर, भरती चालू हाय!"

"खाकरला का गं समुद्र?" पुढं घुसून दामिनीनं विचारलं.

"कुठं काय! लाटांचा आवाज हाय तेवढाच. मी चप्पल वाळूत काढून दोन तास बघून राहिले. कोरडी होती, आता भिजली. पाणी कवा वर आलं कळलंबी न्हाई. आन् माणसं पळत न्हाईत सर, भेळ खाऊन राहिलीत."

चाळीस तोंडं फोनवरून सरांकडं वळली.

"थांबा, दाखवते," जिक्रा म्हणाली आणि फोन वळवायला लागली.

"वळवू नको!" सर ओरडले आणि त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा घातला. "मी न्हाई पाहिला रे पोरांनो. कधीच न्हाई. ते खाकरणं-बिकरणं सगळं माझ्या मनचं. पण आता पहिल्यांदा बघायचाय, तर असा गौरम्मा बाईंच्या फोनात न्हाई बघायचा मला."

कुणी हसलं नाही. मागनं एक पोरगं तेवढं म्हणालं, "मग पायाला खेकडा चावला ते?"

"तेबी न्हाई रे बाबा."

तास संपताच सरांनी महादेवप्पांपुढं रजेचा अर्ज ठेवला. कारण: समुद्र पाहिलेला नाही, पाहून येणे.

"डोकं ठिकाणावर हाय का?" महादेवप्पा भडकले. "असलं कारण वर चालतं व्हय? पोटदुखी लिहा. सगळेच लिहितात, मीबी लिहितो."

"पोट ठणठणीत हाय, सर. कारण लिहिलंय तेच हाय."

"मग सही करत न्हाई मी."

"नका करू. बिनपगारी लावा."

सर पिशवी उचलून भर दुपारी फाटकाबाहेर पडले. रत्नागिरीला जायला आधी सोलापूरची गाडी धरायची होती. नववीच्या खिडकीतून सगळी पोरं एका दमात ओरडली, "सर, आल्यावर खरंखरं सांगा बरं का!"