धमनीच्या भिंतीतला तपकिरी रंग

“काका, या पेटीतल्या काचा टाकून द्यायच्या ना?” प्रयोगशाळेचे नवे सर दारातूनच म्हणाले. “उद्या खोली रंगवायला घेतायत.”

“टाकतो. एकदा नजर फिरवतो फक्त.”

सर गेले. काकांनी पेटीतली एक काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. अवयवांचे पातळ काप काढायचे आणि रंगवायचे, यात त्यांची उभी नोकरी गेली होती; तीही बहुतेक सगळी या खोलीतल्या मॅडमच्या हाताखाली. मॅडम म्हणजे जमदग्नीचा अवतार; पंखा चालू राहिला तरी ओरडत. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या.

मॅडमना एकच ध्यास होता. धमनीला इजा झाली की हार्मोन बनवणारं एन्झाइम तिथेच, तिच्या भिंतीतच कामाला लागतं आणि जखम भरायला हातभार लावतं, असं त्या म्हणत. “हार्मोन ग्रंथी बनवतात, भिंती नव्हे,” म्हणून लोक हसत. रसायन लावल्यावर एन्झाइम असेल तिथे काप तपकिरी व्हायला हवा होता. पण प्रत्येक काप कोराच निघे. काम बंद करा, असं वरून सांगणंही आलं.

त्याच सुमारास काकांची बायको गेली. आठवड्याने ते कामावर आले, तेव्हा मॅडमनी सांत्वनाचा शब्द काढला नाही.

“लेक कुणाकडे ठेवलीत?”

“शेजारी. फार रडते.”

“उद्यापासून इथे आणा. त्या स्टुलावर बसेल.”

“पण मॅडम, नियम...”

“नियमांचं मी बघते. तुम्ही काप बघा.”

लेक स्टुलावर चित्रं काढत बसू लागली. आणि एका दुपारी काकांच्या कापावर, जखमेच्या कडेकडेने, तपकिरी रंग उमटला. मॅडम कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावून राहिल्या. मग त्यांनी पोरीला उचलून भिंगापाशी धरलं.

“बघ गं. या धमनीला लागलं, तर हिने औषध घरातच बनवलं.”

“मग आता दुखत नाही तिला?”

“दुखतं की. पण भरून येतंय.”

काका पाठ फिरवून नळाखाली हात धूत राहिले होते.

आज काचेवरचा रंग पार उडाला होता. धमनीचं फिकट कडं तेवढं उरलं होतं. काकांनी एकेक काच, आवाज न करता, टाकायच्या डब्यात ठेवली. खोलीला कुलूप लावलं आणि जिना उतरता उतरता लेकीला फोन लावला.

“मॅडमची खोली रिकामी केली गं.”

 पलीकडून लेक म्हणाली, “बाबा, पंखा बंद केलात ना? ओरडतील त्या.”

काका थबकले. खिशातली किल्ली चाचपत पुन्हा जिना चढू लागले.