जमिनीखालची ठकठक

"आजोबा, हा आवाज रोज येतो का हो?" खोलीतल्या लाकडी जमिनीला कान लावून पालथ्या पडलेल्या हीटिंगवाल्याने विचारलं.

पलंगाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या शिंप्याने आधी दारात उभ्या असलेल्या आपल्या थोरल्या मुलीकडे पाहिलं. मग मान हलवली.

"नाही बुवा. मला काही ऐकू येत नाही."

त्याच्या पायांखाली मात्र ठकठक चाललीच होती. कुणी घाईघाईने दार वाजवावं तशी. दारात उभ्या थोरलीलासुद्धा ती स्वच्छ ऐकू येत होती.

बोलावलं होतं ते तिच्या खोलीतला, गरम पाण्याने खोली उबदार ठेवणारा रेडिएटर तापत नाही म्हणून. त्यासाठी आज तिने धुलाई कारखान्यातून रजा घेतली होती. हीटिंगवाल्याने रेडिएटरमधली हवा काढली, सगळं बंद करून थंड होऊ दिलं आणि बॉयलर पुन्हा सुरू केला. पाणी गरम होऊन नळ्यांत शिरलं मात्र, बाबांच्या खोलीतून ठोके सुरू झाले.

थंडी पडल्यापासून बाबा हेच तर सांगत होते. "भिंतीत कुणीतरी ठोकतंय गं," म्हणायचे. सुरुवातीला तिने मन लावून ऐकलं. संध्याकाळी कामावरून आल्यावर ऐकलं, सुट्टीच्या दिवशी खुर्ची टाकून बसली. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. "आता कसं गप्प बसलंय बघ," बाबा ओशाळून म्हणायचे. तिला आधी हसू यायचं, मग ते कमी कमी होत गेलं. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "वय झालंय त्यांचं. डॉक्टरला दाखव." डॉक्टरांसमोर बाबा बोलायला लागले तेव्हा तिनेच त्यांना मध्ये तोडलं. म्हणाली, "भास होतात त्यांना." गोळ्या सुरू झाल्या. बाबा दुपारभर पेंगायला लागले, जेवताना घास हातातच राहायला लागला. तरी ठोकणं काही थांबेना. शेवटी एकदा दमून भागून आलेली असताना ती कडाडली होती, "पुन्हा त्या ठोकण्याचं नाव काढलंत ना बाबा, तर वृद्धाश्रमात नेऊन सोडीन!"

त्यानंतर बाबांनी नाव काढलं नाही. तिने भावाला कळवलं, "गोळी लागू पडली."

"काही नाही ताई," हीटिंगवाला गुडघ्यांवर बसत म्हणाला. "गरम पाण्याने नळी लांबते. ही इथे तुळईच्या भोकात अडकून बसलीय. सरकायला जागा नाही, म्हणून धक्के खात सरकते. ठक, ठक."

"पण मी घरात असताना कधीच..."

"किती वाजता लावलंय हीटिंग?"

"मी कामावर गेले की आपोआप सुरू होतं, रात्री झोपताना बंद करते. सकाळी मी निघेपर्यंत पांघरुणावरच भागतं. सुट्टीच्या आदल्या रात्री मात्र बंदच करत नाही."

"मग बरोबर. एकदा नळी तापली की गप्प. थंडगार नळीत गरम पाणी आलं की बोंब. तुम्ही गेल्यावरच बोलणार ती."

तो सहज म्हणून गेला. थोरलीने दाराची चौकट धरली.

त्याने फळी उचकटली, कानशीने भोक मोठं केलं, नळीभोवती लोकरीचा जाड नमदा गुंडाळला. पुन्हा सगळं थंड होऊ दिलं आणि सुरू केलं. खोलीत चिटपाखरू नसल्यासारखी शांतता.

"आता सांगा आजोबा, येतोय आवाज?"

बाबांनी मुलीकडे पाहिलं. आवाज खाली आणून, परक्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "काय सांगू गं?"



हीटिंगवाला गेल्यावर ती त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, तुमचं खरं होतं. मीच ऐकलं नाही."

"असू दे. मलाही वाटायला लागलं होतं, आपलंच डोकं फिरलं म्हणून." त्यांनी तिच्या बाहीची उसवलेली शिवण चिमटीत धरून पाहिली आणि सोडून दिली.

ती डॉक्टरांना जाऊन भेटली, झालं ते सगळं सांगितलं. गोळ्या हळूहळू कमी होत बंद झाल्या. बाबांचं पेंगणं गेलं, जेवणावर वासना आली. पण तक्रार म्हणून ते काही करीनात. चहा गार असला तरी पिऊन टाकत.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते घुटमळले.

"एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांगा ना बाबा."

"मागच्या दाराची कडी सैल झालीय. म्हणजे, मला आपलं वाटतं."

तिने गॅस बंद केला, खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि त्यांच्या मागोमाग गेली. कडी चांगली घट्ट होती. तिने पुन्हा एकदा हलवून पाहिली. सैल आहे म्हणावं, उगाच दोन वळसे फिरवावेत, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"मला घट्ट वाटतेय बाबा," ती जपून म्हणाली. "तुम्हीच बघा बरं."

बाबांनी कडी धरून गदागदा हलवली. मग वाकून स्क्रू पाहिले.

"अगं, घट्टच आहे की! चुकलं माझं," ते म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

थोरली हसली नाही. हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती तशीच उभी राहिली, त्यांचं हसून होईपर्यंत.