आईची डबी आणि तीनशे बारा नोंदी

साधनात अकरा कमांड होत्या. सहांबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं, चारांची नुसती नावं होती, आणि उरलेल्या एकीपुढे ‘हे नंतर लिहू’ एवढंच. लिहिलेल्या सहा तिने स्वतः चालवून पाहिल्या. त्यांतल्या दोनच सांगितल्यासारख्या वागल्या.

हे साधन माणसांसाठी नव्हतं. सायकलदुरुस्तीच्या दुकानांतल्या गिऱ्हाइकांना उत्तरं देणारा एक एआय एजंट होता. बोलणं संपलं की त्याची पाटी कोरी व्हायची. म्हणून लक्षात ठेवायचं ते तो छोट्या छोट्या नोंदींत लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी या साधनाने त्या नोंदी चाळायचा. साधन कसं वापरायचं, हे त्याला माहितीपुस्तिकेतूनच कळायचं, तेही दर वेळी नव्याने. ती पुस्तिका लिहायला तिला घेतलं होतं, तीन महिन्यांच्या बोलीवर. शुक्रवारी शेवटची चाचणी होती: तीनशे बारा नोंदी, चाळीस प्रश्न. छत्तीस उत्तरं बरोबर आली तर नोकरी पक्की. नाहीतर तिने घरी बसायचं.

साधन बनवणारा प्रोग्रामर समोरच्याच टेबलावर असायचा. काहीही विचारलं की ‘सोपंय’ म्हणायचा, म्हणून सगळं ऑफिस त्याला सोपंयराव म्हणायचं.

“‘चाळा’ ही कमांड नेमकं काय करते?”

“चाळते.”

“अरे, पण काय चाळते? कुठून कुठपर्यंत?”

“सोपंय गं. कोड वाच ना, त्यात सगळं आहे.”

तिने कोड उघडला. त्या कमांडच्या डोक्यावर टीप होती: ‘हे का चालतं ते माहीत नाही. हात लावू नये.’

शेवटी तिने अकराच्या अकरा कमांड एकेक करून चालवल्या, काय दिसतं ते वहीत उतरवलं आणि त्यावरून पुस्तिका लिहिली. कोरडी वाटू नये म्हणून प्रत्येक कमांडखाली एक छानसं उदाहरण दिलं, घरातलंच: ‘आईच्या चष्म्याची डबी फ्रीजवर असते.’

बुधवारी सराव चाचणी झाली. चाळीसपैकी चौदा.

चाचणी घेणाऱ्या बाई निवृत्तीला आलेल्या होत्या. त्यांना शंकाबाई म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. त्या छापील कागद घेऊन तिच्या टेबलापाशी आल्या.

“गिऱ्हाईक विचारतंय, माझी सायकल कधी मिळेल? तुझा एजंट सांगतोय, डबी फ्रीजवर आहे.”

सोपंयरावाने खुर्ची वळवली. “आई बरी आहे ना गं तुझी? नाही, नऊ गिऱ्हाइकांपर्यंत पोचलीये, म्हणून विचारलं.”

“उदाहरण आहे ते!” ती उसळली. “वर मोठ्या अक्षरांत ‘उदाहरण’ लिहिलंय!”

“ते माणसाला कळतं, बाळ,” शंकाबाई म्हणाल्या. “याने ती नोंदच समजली.”

तिने तावातावाने सगळी उदाहरणं उडवली. पुन्हा चाचणी: सतरा. आई गेली, पण आता एजंट कमांडच वेड्यावाकड्या लिहायला लागला होता. कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे त्या दिवशी तिच्या हातून काही झालं नाही.

गुरुवारी मात्र ती एजंटच्या पावलांची नोंदवही उघडून बसली. त्याने कुठली कमांड दिली, समोर काय आलं, तो कुठे थांबला, याचा तक्ता मांडला. चुकलेली उत्तरं तेवीस. सात ठिकाणी कमांड चुकीची. उरलेल्या सोळांत कमांड बिनचूक होती, पण हवी ती नोंद यादीत विसाव्या ओळीच्या पुढे होती. एजंट तिथवर गेलाच नव्हता.

“ही यादी विसावरच का थांबते?”

“एका वेळी वीसच दाखवते,” सोपंयराव म्हणाला. “पुढचं हवं तर पानाचा आकडा द्यायचा. हे सगळ्यांना माहितीये.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?”

त्याने बोटांवर मोजायला घेतलं. “मला,” तो म्हणाला.

“तीन महिने! तीन महिने मी तुला विचारतेय, कुठून कुठपर्यंत, कुठून कुठपर्यंत!”

“तू पानांबद्दल नाही विचारलंस.”

ती पाणी प्यायला गेली, आणि दोन पेले पिऊन आली.

मग तिने लिहिलं: ‘यादीत एका वेळी वीस नोंदी दिसतात. वीस दिसल्या म्हणजे यादी संपली असं समजू नये. पान रिकामं येईपर्यंत पुढचं पान मागत राहावं.’ उदाहरणं परत घातली, पण त्यांत कुणाचंही घर येणार नाही, अशी.

संध्याकाळी जेवताना तिने हे सगळं आईला सांगितलं.

“म्हणजे मला काढून टाकलंस?”

“उदाहरणातून गं, आई.”

“आणि माझ्या जागी कोण?”

“अमुक.”

“आणि डबी?”

“तमुक.”

“त्या अमुकला तरी वेळेवर घरी यायला सांग,” आई म्हणाली आणि तिने आमटी वाढली.

शुक्रवारी अकरा वाजता शंकाबाईंनी चाचणी सुरू केली. सोपंयराव, साहेब आणि ती मागे उभे होते. एजंटने पुस्तिका वाचली आणि पहिल्या प्रश्नाला हात घातला. चाळीस प्रश्नांना सव्वीस मिनिटं लागली. शंकाबाईंनी उत्तरं एकदा तपासली, चष्मा पुसला, पुन्हा तपासली आणि निकाल फळ्यावर लिहिला.

बरोबर सदतीस. चूक तीन; तिन्ही वेळा एजंट दुसऱ्या पानावर थांबला.