सोळा रंगांची देवी

शेवगावात खताच्या दुकानावरच्या माडीत देवी प्रकटली, आणि तीही कॉम्प्युटरात! मग काय विचारता, दोन दिवसांत जिन्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. बाया नारळ घेऊन आल्या, म्हातारे काठी टेकत आले, आणि कुणीतरी तर कीबोर्डवरच हळदकुंकू वाहिलं. साल अठ्ठ्याण्णव. तालुक्यात कॉम्प्युटर पाहिलेली माणसं मोजकीच होती, तेव्हा त्यात देवी असते की नसते हे छातीठोकपणे सांगणार कोण?

काचेवर देवीचा चेहरा होता खरा. पण गालांवर हिरवे चट्टे, कपाळभर लाल ठिपके, डोळ्यांखाली जांभळे डाग. गोवर निघालेल्या पोरासारखी अवस्था. अंगावर पुरळ उठलं की देवीचा कोप, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथं तर खुद्द देवीच्याच तोंडावर पुरळ उठलेलं.

गोरक्षनाथ भगताला बोलावणं धाडावं लागलं नाही. तो आपणहून आला, काचेसमोर डोळे मिटून घुमला आणि म्हणाला, "मशीनला भलत्याचा हात लागलाय. आई कोपलीया."

भलत्याचा म्हणजे कुणाचा, हे सांगायची गरजच नव्हती. सगळ्यांच्या माना प्रज्ञाकडं वळल्या.

प्रज्ञा ही त्या माडीतल्या कॉम्प्युटर क्लासातली एकुलती एक शिक्षिका. नगरला राहून डिप्लोमा केलेली, बौद्ध घरातली मुलगी. क्लास काकासाहेबांचा, कॉम्प्युटर एकच. आदल्या आठवड्यात त्यात व्हायरस शिरला, म्हणून तिनं सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं. मशीन सुरू होताच काकासाहेब म्हणाले, "आधी आपली देवी लाव, मग बाकीचं." कॅलेंडरवरून स्कॅन केलेलं ते चित्र फ्लॉपीत होतं. तिनं लावलं आणि हा असा चेहरा उमटला.

"काका, मशीनमध्ये चित्र दाखवणारं एक कार्ड असतं," तिनं तेव्हाच सांगितलं होतं. "ते कसं चालवायचं ते विंडोजला शिकवणारा छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपल्या ड्रायव्हरच्या फ्लॉपीला बुरशी लागलीय. दुसरी मिळेपर्यंत सोळाच रंग दिसणार."

काकासाहेबांनी मान डोलावली. पण तोवर पहिल्या बाईनं हात जोडले होते.

भगतानं उपाय सांगितला. मंगळवारी चारचौघांत प्रज्ञानं देवीसमोर नाक घासायचं, नारळ फोडायचा आणि पुन्हा त्या मशीनला शिवायचं नाही.

"पोरी, तुझ्या हुशारीबद्दल मला शंका नाही," काकासाहेब तिला बाजूला घेऊन म्हणाले. "पण लोकांनी आपल्या पोरी क्लासातून काढल्या तर मी काय करू? घास एकदा नाक. झिजतंय का काही?"

"झिजतं, काका," प्रज्ञा म्हणाली.

घरी तिची आई, चांगुणाबाई, भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. "तुझ्या आज्यानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. ते परत आनायला तू जायाची न्हाईस," एवढंच म्हणाली आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

सोमवारी गर्दी जमायच्या आत प्रज्ञानं मशीनचे स्क्रू काढले. आतल्या कार्डावर मुंगीएवढ्या अक्षरांत एक नंबर छापलेला होता. तो वहीत उतरवून तिनं एस्टी पकडली आणि नगरला गाडी बदलून सुपा गाठलं. तिच्याबरोबर शिकलेला नितीन तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. दोघांनी कपाटातली खोकी उपसली. पहिल्या फ्लॉपीचा नंबर वेगळा, दुसरीवर नंबरच नव्हता. चौथ्या खोक्यात तळाशी हवी ती सापडली.

"एकेक आकडा जुळव हां," नितीन म्हणाला. "भलतीच टाकलीस तर स्क्रीन काळी पडेल."

"तिथं आधीच मी भलती ठरलेय," प्रज्ञा म्हणाली. तिनं आकडे दोनदा जुळवून पाहिले.

मंगळवारी भगत नटून आला. मॉनिटरवर त्यानं शाल पांघरली, एका हातात लिंबू नाचवलं, दुसरा हात शालीखाली घातला आणि सुरू झाला, "शांत हो माय! काचंतनं पाताळात जा, वायरीतनं वर नगं यिऊ! लाइटीच्या खांबाची आन हाय तुला!"

त्यानं शाल ओढली. डाग गायब! चेहरा काळोखात बुडाल्यासारखा दिसत होता, पण ठिपका म्हणून दिसेना. बाया भुईला डोकी टेकू लागल्या.

"म्या तिला रोखून धरलीया," भगत घाम पुसत म्हणाला. "आता ह्या पोरीनं नाक घासलं, तरच कायमची जाईल."

प्रज्ञा पुढं झाली. "देवी शांत झाली ना? मग स्क्रीनच्या तळाची विंडोजची करडी पट्टी का काळी पडली? तिच्यावरही कोप होता?"

पुढच्याच रांगेत मनकर्णाबाई बसल्या होत्या, पहाटेपासून जागा धरून. प्रज्ञानं त्यांनाच हाक मारली.

"मावशी, या काचेच्या खाली बोट घाला. चाक लागतंय का? फिरवा ते."

मनकर्णाबाईंनी भीतभीत चाक फिरवलं. उजेड वाढला आणि डाग जिथल्या तिथं हजर झाले.

"आई परत आली!" भगत ओरडला.

"आई कशाची, म्याच फिरवलं की," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी चाक उलटं फिरवलं, डाग गेले. पुन्हा सुलटं, डाग आले. "आगं, ह्ये तर कंदिलाची वात कमीजास्त केल्यावानी हाय. भगत, तुमाला ह्ये चाक कसं ठावं?"

"त्याच्या घरी टीव्ही हाय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि माडीभर हशा पिकला.

प्रज्ञा खुर्चीत बसली. "आता हाच भलता हात लावते. बघा नीट." तिनं फ्लॉपी सरकवली. मशीन घरघरलं, बंद झालं, पुन्हा सुरू झालं. स्क्रीन क्षणभर काळी पडली. मग चेहरा उमटला. गाल नितळ, कपाळ स्वच्छ, थेट कॅलेंडरवर होता तसा.

"रंगाऱ्याला सोळाच डबे दिले, तर तो चेहऱ्याचा रंग कुठून आणणार? जवळचा दिसेल तो फासणार," ती म्हणाली. "आता डबे मिळाले. कोप नव्हता, एक फ्लॉपी नव्हती."

भगतानं शाल खांद्यावर टाकली आणि तो गर्दीतून वाट काढू लागला. काकासाहेबांचा जीव भांड्यात पडला. "वा! आता एक नारळ फोड आणि विषय मिटव."

"नाही फोडणार." प्रज्ञा उठून उभी राहिली. संतापानं तिचा आवाज चढला होता, आणि तिनं तो खाली येऊ दिला नाही. "माझ्या हातामुळं हे झालं, असं इथं चारचौघांत बोललं गेलं आणि तुम्ही गप्प बसलात. आता चारचौघांतच सांगा, नाहीतर मशीन तुमचं आणि क्लासही तुमचा. मी चालले."

काकासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"हिची चूक नव्हती," शेवटी ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. मी भ्यालो."

प्रज्ञानं कीबोर्डवरचं कुंकू फडक्यानं पुसलं आणि लोकांकडं वळली.

"आजपासून एवढंच करा. कुणी चमत्कार दाखवायला शाल पांघरली, तर ती उचलून बघा. आणि काही बिघडलं, तर कुणामुळं बिघडलं हे विचारायच्या आधी काय बिघडलं ते विचारा. आता जिना मोकळा करा, माझी अकराची बॅच आहे."