नाचरी मशीन

कपडे धुवायची मशीन स्पिनला आली की घरातली सगळी माणसं हातातलं काम टाकून धावायची. सगळी म्हणजे दोनच, सून आणि सासरे. नवरा त्या वेळी कामावर आणि लेक कॉलेजात, त्यामुळे मशीन नाचते ही त्या दोघांसाठी नुसती ऐकीव गोष्ट होती. आधी घरघर यायची, मग खडखड, मग नळावर टांगलेला प्लास्टिकचा मग धाडकन खाली पडायचा. आणि मग ते पांढरं धूड जागा सोडून बाथरूमच्या दाराकडे चालू लागायचं, जणू त्याला कुठंतरी वेळेवर पोचायचंय आणि ही माणसं उगाच खोळंबा करताहेत.

सून घरीच कपडे दुरुस्तीची कामं करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाची चेन बदल. खडखड ऐकली की शिवणयंत्राची सुई कुणाच्या तरी पँटच्या दुमडीत तशीच रुतलेली ठेवून ती पळायची. तोवर सासऱ्यांनी मशीनला मिठी मारलेली असायची, गाल झाकणावर टेकवून.

"धरलीय गं, धरलीय! तू ती बादली सरकव!"

"बाबा, पाय मागं घ्या. बोटांवर येईल."

"बसखाली झोपून हयात गेली माझी. ही काय पाय चिरडतेय!"

सासरे बस डेपोत फोरमन होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी सगळे त्यांना फोरमनच म्हणत.

इतक्यात खालून छताला काठी ठोकल्याचा आवाज यायचा. खाली घरमालकीण काकू राहायच्या. काठी ठोकून झाली की खिडकीतून आवाज यायचा.

"अहो, वर काय दगड फोडताय का? माझ्या कपबश्या चालायला लागल्या!"

"त्यांना म्हणावं बसा खाली," फोरमन मशीनवरूनच पुटपुटायचे.

जुन्या घरी ही मशीन गरीब गाय होती. इथं राहायला आल्यापासून तिचं हे सुरू झालं. फोरमननी उपाय करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. बाथरूमची फरशी मोरीकडे उतरती, म्हणून मशीनचे पाय खालून फिरवून कमीजास्त केले. वर पाण्याची वाटी ठेवून पातळी बघितली. पायांखाली रबराचे तुकडे घातले. मग सुनेला समजावलं, "एकटी चादर टाकू नकोस. ओली झाली की तिचा गोळा होतो आणि सगळं वजन एकीकडे. बसमधली सगळी माणसं एकाच खिडकीशी गेली तर बस कलणार नाही का? मोठं-लहान मिसळून टाक." तिनं मिसळून टाकलं. मशीन मिसळून नाचली.

खरी धडधड मात्र वेगळीच होती. मध्यंतरी फोरमन दूध तापवायला ठेवून बाहेर पडले, गॅस तसाच. पुढं एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि परत येताना जुन्या घराच्या दाराशी जाऊन बेल वाजवत उभे राहिले. तिथल्या नव्या भाडेकरूनं फोन केला. त्या संध्याकाळी नवरा स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाला, "आता आणखी एक जरी असं झालं ना, तर मी त्यांना मोकळं ठेवणार नाही. डॉक्टरला दाखवायचं, घरात दिवसभराची बाई ठेवायची. बाहेर जाणं बंद."

आवाज हळू होता, पण भिंत त्याहून पातळ होती.

तेव्हापासून फोरमन एका जागी बसेनात. गॅसचं बटण बघून यायचे. नळ बघायचे. कडी लावलीय का बघायचे, परत येऊन टेकायचे आणि पुन्हा गॅस बघायला उठायचे. आणि ते बघून आले की त्यांची पाठ वळल्यावर सून बघून यायची. दोघं एकमेकांना चुकवत घरभर फिरत. तिच्या हातून हल्ली टाके वेडेवाकडे पडू लागले होते.

शेवटी काकू जिना चढून वर आल्या. "एक तर मशीन काढा, नाही तर घर खाली करा," म्हणून बजावून गेल्या. नवऱ्यानं मेकॅनिकला फोन केला.

"माझ्या घरात मेकॅनिक?" फोरमन म्हणाले. "हे म्हणजे आचाऱ्याच्या घरी डबा आला!"

"असू दे बाबा. तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवा," सून म्हणाली.

तेवढ्यानं ते जरा निवळले, पाना घेऊन दारात उभे राहिले.

मेकॅनिक काटकुळा आणि बडबड्या. त्यानं मशीन भिंतीपासून ओढली, मागं डोकावला आणि हसतच सुटला.

"ताई, हे काढलेच नाहीत की हो!"

"काय काढलं नाही?"

"बोल्ट! हे बघा, चार. आत ड्रम स्प्रिंगांवर लोंबकळत असतो, पाळण्यासारखा. वाटेत आपटू नये म्हणून बोल्ट लावून त्याला बांधून टाकतात. घरी आली की काढायचे, म्हणजे तो आतल्या आत झुलतो आणि धक्का तिथंच जिरतो. बांधलेलाच फिरवला तर सगळा धक्का अंगावर. ती उड्या मारणार नाही तर काय करणार?" मग तो थबकला. "पण मशीन तर जुनी दिसतेय. हे परत लावले कुणी? आणि लावलेत काय झकास! माहीतगाराचं काम आहे."

सुनेला लख्ख आठवलं. घर बदललं तो दिवस. मशीनमागं अवघडून बसलेले फोरमन, टेंपोवाल्यांवर ओरडणारे, "न बांधता नेताय? अक्कल आहे का?" आणि पाण्याचा ग्लास घेताना तिला म्हणालेले, "पोचलो की आधी हे काढायचं. आठवण कर."

आठवण करायचं तीही विसरली होती. पण तिचं विसरणं या घरात कुणी मोजत नव्हतं.

तिनं दाराकडे पाहिलं. फोरमन बोल्टांकडे बघत होते. मग हातातल्या पान्याकडे. पुन्हा बोल्टांकडे. हा पाना कुणाचा, असा चेहरा.

"मीच लावले," ते म्हणाले. "मुद्दाम ठेवले होते."

"मुद्दाम? कशासाठी आजोबा?"

"व्यायाम होतो. रोज धरायची म्हणजे दंड राहतात."

मेकॅनिक पोट धरून हसला. फोरमन हसले नाहीत. त्यांचे डोळे सुनेवर होते, आणि त्या डोळ्यांत वात्रटपणाचा मागमूस नव्हता.

सुनेनं कमरेवर हात ठेवले.

"मुद्दाम?" ती इतक्या जोरात ओरडली की मेकॅनिक दचकला. "बाबा, शोभतं का हे? मी इथं बादल्या सरकवून कमरेतनं गेले! खालच्या काकू आम्हाला घराबाहेर काढायला निघाल्या, आणि तुम्हाला दंड हवेत?" ती खिडकीशी गेली. "ऐकलंत का काकू? सगळा आमच्या फोरमनचा खोडसाळपणा!"

"मला वाटलंच!" खालून आवाज आला. "डोळ्यांतच दिसतं ते!"

फोरमनचे खांदे हळूहळू वर आले. "हां, हां, ओरड! घरात एक गंमत करायची सोय नाही!"

"गंमत? थांबा, तुमच्या मुलालाच सांगते!"

तिनं तिथंच फोन लावला आणि सांगितलं. पलीकडे नवरा मोठ्यानं हसला. कित्येक दिवसांत असा हसला नव्हता. "बाबा ना! पूर्वीपासून असलेच उद्योग त्यांचे."

तिनं फोन ठेवला. खोटं पचलं होतं, आणि पचलं म्हणूनच छातीत धडधडत होतं. उद्या गॅस खरंच चालू राहिला तर?

मेकॅनिक बोल्ट काढून गेला. मशीन नुसती गुणगुणत फिरत राहिली. धरायला काही नव्हतं. फोरमन तिच्यापाशी उभेच.

"सूनबाई," ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी मी तुला काही बोललो होतो का? या बोल्टांबद्दल?"

"बोलला होतात. 'आठवण कर' म्हणालात. मी साफ विसरले."

त्यांनी मशीनवरून हात फिरवला. मग म्हणाले, "डोकं दाखवून घे कुठंतरी. या वयात विसरणं बरं नाही."

"दाखवायचंच आहे. पण मला एकटीला डॉक्टरकडे जायची भीती वाटते. तुम्ही याल?"

"मी बाहेर बसेन."

"आत या. आधी माझं डोकं बघतील, मग तुमचं. कोणाचं जास्त ढिलं ते तरी कळेल."

फोरमननी पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. परत पहिल्यात.

"कधी जायचं?" त्यांनी विचारलं.