मिश्रीच्या पायावरची पीडा

वडीगोद्रीच्या बाहेर, हायवेला लागून एक पत्र्याचं शेड आहे. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. अंबडहून, अंकुशनगरहून माणसं यायची आणि बऱ्याच जणांच्या कडेवर कुत्रं असायचं. आमच्या लहानपणी कुत्रं म्हणजे गल्लीचं. भाकरीचा तुकडा टाकला की ते आपलं. आता घरोघरी सोफ्यावर बसणारी, मुठीएवढ्या तोंडाची कुत्री आली आहेत. त्यांच्या मागोमाग, या शेडमध्ये बसून त्यांची दुखणी उतरवणारे भैरवबाबाही आले.

त्या शनिवारी मी शेजारच्या भगवतीदेवींबरोबर गेले होते. त्यांची मिश्री ही पांढरी पॉमेरेनियन कुत्री मागचा उजवा पाय पोटाशी धरून तीन पायांवर उडत होती. बाबांनी तिला पाटावर घेतलं, वर काळं कापड टाकलं आणि डोळे मिटले.

"बोल भैरवा. कुणाची पीडा हिनं पायावर घेतली?"

कापडाखाली हात हलले. कसला तरी बारीक आवाज झाला. कापड निघालं, तेव्हा मिश्री चारही पाय टेकून उभी होती. दोन पावलं चालली, मग शेपटी हलवत भगवतीदेवींकडे धावली. गर्दीचे हात आपोआप जोडले गेले.

"माणूस नाटक करंल," माझ्यामागे कुणीतरी म्हणालं. "मुकं जनावर नाटक करंल का?"

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. पण तो प्रश्न ऐकून त्या वेळी माझीही मान होकारार्थी हलली.

बाबांनी भगवतीदेवींना जवळ बोलावलं. "माय, तुझ्या मालकाचं मरण दाराशी आल्तं. ह्या कुत्रीनं ते पायावर झेललं. ती झेलून राह्यली तोवर तुझं कुंकू शाबूत. मी शनिवारी हलकं करून देईन, पण ते पुन्हा येईल. एक गोष्ट मात्र बराबर ध्यानात ठेव. ह्या पायाला डॉक्टरचा चाकू लागला, की मरण वळून घरी येणार."

भगवतीदेवींचे यजमान रामेश्वरशेठ यांना मागच्या दिवाळीत हृदयाचा झटका आला होता. ही बातमी बाबांना भैरवानं कानात सांगितली म्हणे. आमच्याकडे ती चहाच्या टपरीवरही कळत होती.

त्यानंतर काही दिवस गेले. एका सकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेले, तर मिश्री अंगणात नीट चालत होती आणि भगवतीदेवींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, ही आज लंगडून न्हाई राह्यली."

"मग चांगलंच झालं की, भाभी."

"चांगलं कसं? हिनं पीडा टाकली, तर ती जाणार कुठं?"

आत शेठ खोकले. तेवढ्यानं त्या दचकल्या. मग त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. बिस्किट दाखवून त्यांनी मिश्रीला ओट्याच्या पायऱ्यांवरून खाली उडी मारायला लावली. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवटी ती किंचाळली आणि पाय वर धरून उभी राहिली. भगवतीदेवींनी पदरानं घाम पुसला. "चहा टाकते, बसा," त्या म्हणाल्या. ज्या बाई मुंग्यांना साखर घालायच्या, त्यांच्या आवाजात सुटका होती.

मला माझी थोरली बहीण शैला आठवली. कुंभार पिंपळगावात मी सात-आठ वर्षांची असताना देवीची साथ आली. लस टोचणारा माणूस गावात आला की आयाबाया पोरांना कणगीत, कडब्यात लपवायच्या. टोचलं तर देवी कोपेल, असं कुणीतरी सांगून गेलं होतं. आमची आई शैलावर जीव टाकायची, म्हणूनच तिला तिनं सगळ्यांत चांगलं लपवलं. शैला त्या साथीत गेली. भीती घालणारा माणूस पुढच्या गावाला निघून गेला होता. प्रेमाला भीती घातली की ते कुठवर जातं, हे मी तेव्हापासून ओळखते.

मी त्याच दिवशी गंधालीला फोन केला. ती माझ्या भावाची नात. जालन्यात तिचा जनावरांचा दवाखाना आहे. रविवारी ती आली, मिश्रीला मांडीवर घेतलं आणि तिच्या गुडघ्यावरून अंगठा फिरवला.

"आत्याआजी, हिच्या गुडघ्याची वाटी जागेवर राहत नाही. मांडीच्या हाडाला एक खाच असते, वाटी तिच्यात सरकते. हिची खाच उथळ आहे, म्हणून वाटी आतल्या बाजूला निसटते. निसटली की पाय उचलते, परत बसली की चालायला लागते. लहान जातींत हे पुष्कळ दिसतं."

"सगळ्यांना ऑपरेशन लागतं का?"

"नाही. अधूनमधून निसटत असेल तर वजन आवरायचं, लक्ष ठेवायचं. पण हिची आता सारखी निसटते. प्रत्येक वेळी हाडावरची गुळगुळीत कूर्चा घासते. असंच चाललं तर सांधा धरून ठेवणारा आतला दोर तुटेल, मग पाय कायमचा अधू होईल. थांबण्यात अर्थ नाही."

भगवतीदेवींनी मिश्रीला ओढून छातीशी धरलं. "चाकूचं नाव नको काढू, बेटी. हात जोडते तुझ्यापुढं."

दारात शेठ उभे होते. बाबा काय बोलले हे त्यांना घरात कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी वाकून मिश्रीच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझं मरण ही कुत्री सांभाळून राह्यली, आन् मलाच खबर न्हाई? चला, शनिवारी मीबी येतो. ज्याचं मरण त्यानं बघायला नको का?"

शनिवारी शेड गच्च भरलं होतं. मिश्री पुन्हा तीन पायांवर. बाबांनी कापड उचललं, तेव्हा आमच्याबरोबर आलेली गंधाली पुढे झाली.

"बाबा, कापड न टाकता करा."

"भैरवाचा हात उघड्यावर दिसत नसतो, पोरी."

"मग मी करते. काकू, इकडे या. तुमचा अंगठा द्या."

भगवतीदेवी पुढे यायला तयार नव्हत्या. शेठनी त्यांना पुढे नेलं. गंधालीनं मिश्रीचा पाय हळूच मागे ताणला आणि भगवतीदेवींचा अंगठा गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठेवला. "इथे गोटीसारखं लागतंय? आता बाहेरच्या बाजूला ढकला. हलकेच."

तो बारीक आवाज आला. या वेळी कापड नव्हतं, म्हणून सगळ्यांनी पाहिलं. मिश्रीनं पाय टेकला आणि चालू लागली.

"हे तुम्ही केलंत, काकू. मंत्र म्हणालात?"

"न्हाई."

"कुणाची पीडा उतरली का?"

भगवतीदेवी आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिल्या. "हाड होतं," त्या हळूच म्हणाल्या. "नुसतं हाड होतं."

"मुकं जनावर नाटक करत नाही, हे खरंच आहे," गंधाली गर्दीला म्हणाली. "नाटक कापडाखालचे हात करत होते. वाटी हे बाबा बसवतात, ती पुन्हा निसटते, तुम्ही पुन्हा येता. तोवर सांधा झिजत जातो."

कुणीतरी हसलं. पण ते हसू लगेच विरलं, कारण बाबा उठले होते. त्यांनी शेठच्या कपाळाकडे बोट केलं.

"लाव चाकू. येती अमावस्या ह्याला नेल्याबिगर राहणार न्हाई."

मग मी पाहिलं, की शेठच्या आजूबाजूची माणसं दोन-दोन पावलं मागे सरकली. युक्ती उघडी पडली होती, तरी सरकली. त्यांना लहानपणापासून ओळखणारी माणसं होती ती. जिवंत माणसाभोवती अशी मोकळी जागा पडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

शेठ गंधालीकडे वळले. "डॉक्टर, ऑपरेशन अमावस्येलाच ठेव."

तो दिवस उजाडला तेव्हा मला स्वतःची लाज वाटावी इतकी भीती वाटत होती. शाप खरा होईल ही ती भीती नव्हती. दुखणाईत हृदयाला कुठलाही दिवस पुरतो. त्याच दिवशी शेठना काही झालं असतं, तर पंचक्रोशीत पुढची पन्नास वर्षं कुणी कुत्र्याला दवाखान्यात नेलं नसतं. भगवतीदेवींनी तर उरलेला जन्म स्वतःला नवऱ्याची मारेकरी समजून काढला असता.

शेठच्या हे ध्यानात आलं होतं. जालन्याच्या दवाखान्यात, मिश्रीला आत नेण्याआधी, त्यांनी बायकोला समोर बसवलं.

"हे बघ. माझं काळीज फाटकं हाय. मी आज जाईन, न्हाईतर धा वर्षांनी. कवाबी गेलो तरी काळजानं गेलो, कुत्रीनं न्हाई, चाकूनं न्हाई. हे तू लोकांला सांगायचं. बोल."

"असं बोलू नका."

"बोल. मंगच तिला आत नेतील."

भगवतीदेवी रडत होत्या. पण बोलल्या. प्रत्येक शब्द बोलल्या.

गंधालीनं खाच खोल केली, वाटीला ओढणारा हाडाचा उंचवटा थोडा सरकवून पिनेनं बसवला. बाहेर बाकावर भगवतीदेवी सारख्या शेठच्या मनगटाची नाडी चाचपत होत्या. शेठ त्यांना चाचपू देत होते. संध्याकाळी मिश्री बाहेर आली, अर्धा पाय भादरलेला, डोळे जड. शेठनी तिला हात लावला आणि म्हणाले, "जल्दी घरी चला. भूक लागली."

मिश्रीला काही आठवडे पिंजऱ्यात ठेवावं लागलं. आता ती चारही पायांवर चालते, पायऱ्या मात्र टाळते. शेठ दुकानात बसतात.

शेठ वाचले म्हणून बाबा खोटा ठरला, असं मी म्हणणार नाही. ते गेले असते तरी बाबा खोटाच होता. कुत्रं लंगडलं तर पीडा आली आणि चाललं तर पीडा उतरली. माणूस जगला तर कृपा आणि मेला तर कोप. ज्याचं बोलणं कशानंही चुकू शकत नाही, त्याला काहीही ठाऊक नसतं. शेड अजून आहे, शनिवारी अजून भरतं. तेव्हा मी एवढंच सांगते. आपल्या माणसाच्या जिवाची भीती घालून कुणी तुमच्याकडून काही करवून घेत असेल, तर आधी थांबा. दुखतं कुठे ते हात लावून पाहा, जाणत्याला विचारा. पटेपर्यंत विचारत राहा.